झिपरीचं पाणी

झिपरीनं अंग आखडून घेतलं तो मंगळवार होता. त्या दिवशी आश्लेषाच्या घरात दुसऱ्या कुणाचंही काही बिघडलेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण पुढच्या अकरा दिवसांत त्या घरात, आणि एकूणच बेंगळूरच्या जयनगरातल्या त्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत, जे जे बिघडलं त्याचं मूळ लोक वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात. सोसायटीचे सेक्रेटरी बिंदुमाधवराव म्हणतात, सुरुवात त्या पाइपापासून झाली. आश्लेषाच्या सासूबाई म्हणतात, घरात समुद्र आणला तिथूनच. सुमंत, म्हणजे आश्लेषाचा नवरा, काहीच म्हणत नाही. समुद्र त्यानंच आणला होता.

समुद्र म्हणजे बैठकीच्या खोलीतली शंभर लिटरची काचेची पेटी. आत खारं पाणी, काही भोकं पडलेले दगड, दोन नारिंगी पट्टेरी मासे, दिवसाला वीतभर चालणारी एक गोगलगाय आणि चारपाच पोवळी. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा नव्हे, जिवंत प्राणी. त्यातल्या एका पोवळ्याला लांब, मऊ, सोनेरी टोकांचे केसांसारखे हात होते आणि ते दिवसभर पाण्यात हलत असायचे. न्हाऊन आलेली आणि वेणी घालून घ्यायला तयार नसलेली मुलगी दिसावी तसं. त्याला झिपरी हे नाव प्रांजलीनं दिलं. प्रांजलीचं वय साडेपाच, आणि वेणीबाबत तिचं मतही झिपरीसारखंच.

तर मंगळवारी सकाळी झिपरीचे केस गायब. उरला एक टक्कल पडलेला दगड.

आश्लेषा काळजी करणाऱ्यांपैकी होती. काळजी करायला तिला कारण लागायचं नाही. कारण मिळालं की उलट तिला जरा बरं वाटायचं. पण या खेपेला तिचं लक्ष पोवळ्याआधी मुलीकडे गेलं. प्रांजली काचेला नाक लावून कुजबुजत होती, "सॉरी झिपरी. परत नाही देणार. प्रॉमिस."

"काय नाही देणार गं?"

"काही नाही," म्हणून प्रांजली पळाली.

दुपारपर्यंत उलगडा झाला. सोमवारी सगळे चहा पीत असताना प्रांजलीनं झिपरीला अर्धं मारी बिस्किट खाऊ घातलं होतं. आता ती बिस्किटाला हात लावत नव्हती, आणि आपली छोटी खुर्ची फिरवून पेटीकडे पाठ करून जेवत होती. शाळेतून येताना रिक्षात तिनं अगदी सहज, बाहेर बघत विचारलं, "आई, पोवळं मेलं तर पोलीस येतात का?"

आश्लेषानं तिला जवळ ओढलं. "नाही गं राणी. आणि बिस्किटानं काही होत नाही. पाण्यामुळं झालंय ते."

प्रांजलीनं तिच्याकडे पाहिलं. इंजेक्शन दुखणार नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे मुलं ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं.

तिथल्या तिथं ठरलं. झिपरी जगली पाहिजे. ती गेली तर ही पोर जन्मभर मनात एक अर्धं बिस्किट घेऊन फिरेल, आणि आश्लेषाच्या अंदाजाप्रमाणे पुढं तिचं दहावीचं वर्षही त्यातच जाईल.

पेटी ज्याच्याकडून घेतली तो महांतेश शिवाजीनगरात दुकान चालवायचा. मूळचा निपाणीकडचा. माशांबद्दल बोलताना त्याचा आवाज अतिदक्षता विभागाबाहेरच्या डॉक्टरसारखा खाली जायचा. फोनवर झिपरीचं दर्शन घेऊन त्यानं विचारलं, "मॅडम, पाणी कुठलं घालताय?"

"नळाचं."

तिकडचा आवाज आणखी खाली गेला.

"नळाला काय येतं?"

हा प्रश्न बेंगळूरच्या माणसाला विचारू नये. एक दिवसाआड कावेरीचं पाणी येतं, मध्येच टँकर येतो, टँकरवाला ते कुठल्या बोअरमधून आणतो हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं, आणि सगळं इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत एकत्र नांदतं.

"खार, क्लोरीन, बोअरची सगळी घाण," महांतेश म्हणाला. "पेटीतलं पाणी रोज दोन लिटर उडून जातं, घाण मागं राहते. तुम्ही रोज वरनं नवी घाण घालताय. पोवळं किती दिवस सोसणार?"

"मग स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घालू? त्यात तांब्याचे गुणही मिसळतात म्हणे."

"तांबं!" महांतेशचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "मॅडम, पोवळ्याला तांबं म्हणजे उंदराला औषध. तांब्याचं नाव पण काढू नका त्याच्यासमोर. शून्याचं पाणी पाहिजे. मीटर टाकला की शून्य दिसलं पाहिजे."

आश्लेषानं हे सुमंतला सांगितलं, प्रांजलीला सांगितलं. सासूबाईंना मात्र सांगितलं नाही. त्याला कारण होतं. भागुबाई, म्हणजे सासूबाई, या बेंगळुरातल्या तीनशे वर्षं जुन्या मराठी घरातल्या. माहेरहून त्यांनी आणलेला तांब्याचा हंडा आठवड्यातून दोनदा चिंचेनं घासला जायचा आणि त्यातलं पाणी पिऊन त्या घराण्यात कुणाचे गुडघे दुखले नव्हते, असा त्यांचा दावा होता. 'तांबं वाईट' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारणं म्हणजे दोन दिवसांचं भांडण. शहाण्या सुनेनं करावं तेच आश्लेषानं केलं. गप्प बसली. शहाणपण कुठं महागात पडेल सांगता येत नाही.

गुरुवारी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. चार पांढरी नळकांडी, त्यांना जोडणाऱ्या निळ्या-लाल नळ्या आणि एक माहितीपत्रक, ज्यात सगळं चिनी भाषेत आणि फक्त 'अभिनंदन' इंग्रजीत होतं. प्लंबर मंजुनाथनं ते मागच्या धुण्याच्या गॅलरीत भिंतीवर ठोकलं, नळ सोडला, आणि नळकांड्याला कान लावून निदान केलं, "प्रेशर इल्ला अक्का. मोटर पाहिजे." मोटर यशवंतपूरला मिळाली. मोटरला वायर लागली, वायरीला बटण, आणि बटण बसवताना धुण्याच्या यंत्राचं कनेक्शन गेलं. पण त्याबद्दल बोलायला नको, कारण सुमंतनं ते स्वतः दुरुस्त करायचं मनावर घेतलं आहे आणि ते अजून त्याच्या मनावरच आहे.

शेवटी यंत्र चालू झालं. एका बारीक नळीतून शुद्ध पाणी थेंब थेंब पडू लागलं. दुसऱ्या नळीतून मात्र नको असलेलं पाणी धो धो.

"हे एवढं कुठं चाललंय?" भागुबाईंनी विचारलं.

आश्लेषा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. लग्नानंतर सात वर्षांत त्या पदवीचा उपयोग करायची ही पहिली वेळ, त्यामुळं तिनं जरा घसा साफ केला. "आई, पाणी दाबानं पडद्यातून जातं. क्षार मागं राहतात. एक बादली शुद्ध पाणी मिळायला चार बादल्या बाहेर सोडाव्या लागतात."

"अय्यो! म्हणजे चार लेकरं उपाशी ठेवायची आणि एकाला जेवू घालायचं?"

आश्लेषा मीटर शोधायला आत गेली.

क्षार मोजायचा तो मीटर पाण्यात टाकला. नळाचं पाणी नऊशे चाळीस. शुद्ध पाणी सात. आश्लेषानं आनंदानं महांतेशला फोन केला.

"सात म्हणजे नापास," तो म्हणाला.

मग त्याच्याकडून पाचवं नळकांडं आलं, निळ्या मण्यांनी भरलेलं. ते बसवलं आणि शनिवारी सकाळी मीटरवर शून्य उमटलं. आश्लेषाला आपल्या लग्नाच्या दिवशीही एवढं गहिवरून आलं नव्हतं. तिनं त्या शून्याचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. बेळगावहून बहिणीचा निरोप आला, 'कशात पडलं शून्य? प्रांजलीला रागावू नकोस.'

रविवारी संध्याकाळी बिंदुमाधवराव आले. हे सेक्रेटरी निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. आयुष्यभर भट्ट्या आणि दाबयंत्रं तपासल्यामुळं एखादी गोष्ट तापल्याशिवाय, गळल्याशिवाय किंवा फुटण्याच्या बेतात असल्याशिवाय त्यांचं तिच्यात मन रमत नसे. सोसायटीत वर्षानुवर्षं काही फुटलेलं नव्हतं. ते खालच्या मजल्यावर राहायचे आणि आश्लेषाच्या गॅलरीचा पाइप त्यांच्या खिडकीशेजारून जायचा.

"दोन दिवस पाणी वाहतंय," ते दारातूनच म्हणाले. "अखंड. मी कान लावून मोजलंय. तुम्ही पाण्याच्या कॅनचा धंदा सुरू केलाय का?"

"नाही हो काका! पोवळ्यासाठी आहे."

"कुणाचं पोवळं? पत्रिकेत मंगळ आहे का?"

त्यांना पेटीसमोर नेऊन टकली झिपरी दाखवावी लागली. त्यांनी चष्मा काढला, घातला, आणि खिशातून छापील अर्ज काढला. अर्ज आधीच खिशात होता, यावरून माणसाची योग्यता कळते.

"पाणी वापरणाऱ्यांची संख्या?"

"चार माणसं, दोन मासे, एक गोगलगाय..."

"गोगलगाय मालकाची की भाडेकरू?"

"काका!"

"नियमात तसा रकाना आहे. आणि हे पोवळं प्राणी की वनस्पती? वनस्पती असेल तर कुंड्यांचा नियम. प्राणी असेल तर गळ्यात पट्टा पाहिजे."

"प्राणी आहे. आणि त्याला गळा नाही."

बिंदुमाधवरावांनी 'गळा नाही' असं लिहून घेतलं. मग परवानगी दिली, पण एका अटीवर. पाणीटंचाईचे दिवस आहेत, तेव्हा त्या यंत्रातलं नको असलेलं पाणी एक थेंबही गटारात जाता कामा नये. ते इमारतीतल्या लोकांनी वापरलं पाहिजे. न वापरल्यास तिसऱ्या मजल्याचा नळ बंद.

आश्लेषानं जिन्यात कागद लावला: 'धुण्या-पुसण्यासाठी पाणी मोफत.' त्या रात्री ती निर्धास्त झोपली. एवढी साधी युक्ती आपल्याला सुचली याचा तिला अभिमान वाटत होता.

सोमवारी सकाळी पहिली बादली घेऊन तळमजल्यावरच्या महानंदाक्का आल्या. विजापूरकडच्या, घसघशीत बोलणाऱ्या. त्यांनी बादली भरताना पेटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दृष्ट लागल्यावं याला. मीठ-मिरच्या उतरून टाक."

"अक्का, मीठ त्यात आधीच आहे. साडेतीन किलो."

"मग नुसत्या मिरच्या."

पहिल्या मजल्यावरच्या नागोजीरावांनी दोन बादल्या नेल्या आणि बदल्यात होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली ठेवली. चार गोळ्या पाण्यात, मग अर्धा तास कॉफी नाही. झिपरीला कॉफीची सवय नाही, हे त्यांना पटलं नाही.

मंगळवारी टँकर आलाच नाही, आणि इमारतीला अचानक शोध लागला की भरवशाचं पाणी आश्लेषाच्या गॅलरीतच मिळतं. बुधवारी जिन्यात बादल्यांची रांग लागली. कुणीतरी पायऱ्यांवर खडूनं नंबर टाकले. आश्लेषा सकाळचा डबा भरत असताना दारावर थाप पडायची, "आज किती वाजता सोडणार?" जिनं कॉलेजात सूक्ष्म तराजूवर मिलिग्रॅम मोजले होते ती आता ओट्याशी उभी राहून ओरडत होती, "एका घराला दोनच! नागोजीकाका, ही तुमची तिसरी आहे, मी बघतेय!"

आणि इथं गणित उलटं फिरलं. झिपरीला दिवसाला दोन लिटर शुद्ध पाणी पुरे, आठवड्याला बदलायला आणखी दहा. पण इमारतीला रोज वीस बादल्या नको असलेलं पाणी हवं होतं. वीस बादल्या नको असलेलं पाणी पाहिजे तर पाच बादल्या शुद्ध पाणी तयार होणारच. यंत्र थांबवलं की जिन्यातून आवाज, "अक्का, बंद का केलं? स्वल्प चालू करा ना!" जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी आता त्या घरात कचऱ्यासारखं साठायला लागलं. पातेली भरली, कळश्या भरल्या, कुकर भरले, प्रांजलीच्या शाळेच्या बाटल्या भरल्या. सुमंतनं आमरसाचं भांडं झाकण काढून पाहिलं, त्यातही शून्य.

मग आश्लेषा शुद्ध पाणीही वाटू लागली. कुणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं, कुणी इस्त्रीत. महानंदाक्कांनी फ्रीजमध्ये ठेवलं आणि पाहुण्यांना चमचा चमचा दिलं.

एवढं सगळं खरं, पण पाणी लागू पडत होतं. बुधवारी झिपरीचा एक केस बाहेर आला. गुरुवारी सहा. आणि आश्लेषाची नजर ज्या गोष्टीवर होती तीही हलत होती. प्रांजलीची खुर्ची. बुधवारी ती भिंतीकडून खिडकीकडे वळली. गुरुवारी खिडकीकडून दाराकडे. शुक्रवारी सकाळी प्रांजली पेटीकडे कानशील करून जेवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा बघून घेतलं. आणखी दोन दिवस, आश्लेषानं हिशेब केला, आणि मुलगी समोरासमोर बसेल.

शुक्रवारी संध्याकाळी भागुबाईंचं भजनी मंडळ होतं. चौदा बायका, त्यांना उप्पिट, केसरीबात आणि कॉफी. आश्लेषा प्रांजलीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. घरातल्या प्रत्येक भांड्यात पाणी. भागुबाईंनी पदर खोचला आणि भांडी मोकळी केली. बरंचसं पाणी बायकांनी येता-जाता आपापल्या घरी नेलं. उरलं पंचवीस लिटर. एवढं चांगलं, एवढ्या कष्टाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत कुठं ठेवायचं? त्यांनी ते हंड्यात ओतलं. वर ताट झाकलं. झिपरी आजारी आहे, तिला तेवढेच तांब्याचे गुण.

शनिवारी सकाळी सुमंतनं आठवड्याचं पाणी बदललं. "पाणी कुठाय?" असं त्यानं विचारलं, "हंड्यात" असं आईनं सांगितलं, आणि ज्याला दहा दिवसांपूर्वी तांब्याबद्दल सगळं समजावून सांगितलं होतं त्या इंजिनियरनं मापानं मीठ घालून, ढवळून, मोजून दहा लिटर पाणी पेटीत सोडलं. हंडा तांब्याचा असतो हे त्याला ठाऊक होतं. तांबं वाईट असतं हेही ठाऊक होतं. या दोन माहित्यांची एकमेकींशी ओळख नव्हती, एवढंच.

अर्ध्या तासात झिपरीनं सगळे केस आत ओढले. गोगलगाय काचेवरून सुटून तळाशी पडली. पाणी कुठलं घातलं ते बघायला आश्लेषा गॅलरीत धावली. सकाळच्या उन्हात हंडा असा झळकत होता की क्षणभर तिला दुसरं काही दिसेना.

मग ती ओरडली.

ते ओरडणं काय होतं हे नंतर बऱ्याच जणांनी बऱ्याच प्रकारे सांगितलं. नागोजीरावांना वाटलं सिलेंडर फुटला. महानंदाक्का हातात लाटणं घेऊन आल्या. बिंदुमाधवराव चप्पल न घालता आले, आणि कित्येक वर्षांनी काहीतरी खरोखर फुटल्याची आशा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

महांतेशनं फोनवर एका वाक्यात सांगितलं, "अर्धं पाणी काढा, पन्नास लिटर नवं शून्याचं घाला, तांबं शोषायला कोळशाची पिशवी लावा. तासाभरात. उशीर झाला तर मला फोन करू नका, मला बघवत नाही."

कोळशाची पिशवी घरात होती. मीठ होतं. आश्लेषानं यंत्राचं बटण दाबलं. मोटर कोरडी घुरघुरली.

"आज टाकी धुतायत," बिंदुमाधवराव हळूच म्हणाले. "पाणी दुपारी चारला. मीच नोटीस लावलीय."

आश्लेषानं खोलीत जमलेल्या लोकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या घरात तिचंच पाणी होतं.

पुढची वीस मिनिटं त्या इमारतीनं जे पाहिलं ते कुठल्याही जप्तीच्या पथकाला शोभलं असतं. पुढं मीटर घेतलेली आश्लेषा, मागं बादल्या घेतलेला सुमंत, त्याच्या मागं बिंदुमाधवराव यादी करत. दारोदार पाणी परत मागायचं आणि दारातच मीटर बुडवून तपासायचं.

"आमच्या घरच्या पाण्यात दोष काढता?" नागोजीरावांच्या बायकोला राग आला.

"काकू, ते माझंच पाणी आहे!"

"आता आमच्या घरात आहे ना?"

महानंदाक्कांनी अभिमानानं फ्रीजमधली बाटली काढली. त्यात वाळा, तुळस आणि एक वेलदोडा होता. मीटर साठ. "अगं, वास किती चांगला आहे बघ तरी!" पण त्यांच्याकडं पलंगाखाली न उघडलेले दोन डबे निघाले. शून्य. नागोजीरावांची कळशी, शून्य. शेजारच्या भजनी मंडळाच्या बाईंचे तीन डबे, शून्य, शून्य आणि दोन. दोनवाला डबा परत केला तेव्हा त्या बाईंचा चेहरा पडला. पोराला मार्क कमी पडल्यासारखा.

स्वतःच्या घरी बिंदुमाधवराव जरा घुटमळले. "माझ्याकडे आहे. पण त्यातल्या एका ग्लासात माझी कवळी आहे."

"ग्लास राहू दे काका. बाकीचं द्या."

शेचाळीस लिटर जमलं. चार कमी. कमी तर कमी.

पाणी कालवायचं काम बिंदुमाधवरावांनी कुणालाही विचारल्याशिवाय हातात घेतलं. एक पिंप, एक तापमापक, एक खारटपणा मोजायची नळी. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. "पेटी सव्वीस अंश, पिंप चोवीस! दोन अंशांचा फरक चालणार नाही! सुमंत, गरम पाण्याची पिशवी! महानंदाबाई, दारात उभ्या राहू नका, वारा अडतो!" एका नळीनं जुनं पाणी खाली उतरलं, दुसरीनं नवं वर चढलं. कोळसा लटकला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. सगळे जण जमिनीवर, सोफ्यावर, सोफ्याच्या हातावर बसून राहिले. आपापल्या घरी जायचं कुणाला सुचलं नाही.

आश्लेषा स्वयंपाकघरात कॉफी टाकत होती आणि अर्ध्या उघड्या दारातून बघत होती. तिचं लक्ष झिपरीकडे नव्हतं. प्रांजलीची खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली होती. आपण ओरडलो त्या क्षणी ती वळली, हे आश्लेषाला ठाऊक होतं. हंड्याबद्दल आधीच दोन शब्द बोललो असतो तर, हेही ठाऊक होतं. कॉफी उतू गेली.

तांब्याची गोष्ट एव्हाना भागुबाईंच्याही कानावर आली होती. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत पेटीजवळ जमिनीवर बसल्या आणि काचेला म्हणाल्या, "चुकलं माझं गं बाई."

भिंतीकडली खुर्ची हलली.

"अज्जी," प्रांजलीनं मान वळवून विचारलं, "तू पण काही घातलंस?"

"पाणी गं. हंड्यातलं. चांगलं म्हणून."

"मी पण बिस्किट चांगलं म्हणूनच दिलं होतं."

"हो का? किती दिलंस?"

"अर्धं."

"मी पंचवीस लिटर भरलं. त्यातलं दहा तिच्या पोटात गेलं."

प्रांजलीनं विचार केला. "मग तुझं जास्त झालं."

"हो गं. माझंच जास्त."

प्रांजली उठली. खुर्ची ओढत ओढत पेटीजवळ आणली, आजीच्या शेजारी ठेवली, आणि समोर तोंड करून बसली. मोठ्या गुन्हेगाराशेजारी बसल्यावर लहान गुन्हेगाराला जो मोकळेपणा वाटतो तो तिच्या पाठीवरसुद्धा दिसत होता.

आश्लेषानं उतू गेलेली कॉफी पुसायची सोडून दिली.

पावणेचारला गोगलगाय उलटी होती ती सुलटी झाली. टाळ्या पडल्या. चारला नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, पण बादली घेऊन कुणी उठलं नाही. आणि चार वाजून दहा मिनिटांनी टकल्या दगडातून एक सोनेरी टोक बाहेर आलं. मग दुसरं. मग एका बाजूचे सगळे, अगदी सावकाश, जांभई देत उठल्यासारखे.

महानंदाक्कांनी आपल्या गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळेला हात लावला आणि त्या माळेकडं पहिल्यांदाच जरा संशयानं पाहिलं. नागोजीराव म्हणाले, "गोळ्यांचा परिणाम."

बिंदुमाधवरावांनी खिशातून कागद काढला. "घटनेची नोंद करावी लागेल. सोसायटीच्या आवारात, टाकी धुण्याच्या दिवशी, शेचाळीस लिटर पाण्याची हालचाल. कारण काय लिहू?"

आश्लेषा पुढं झाली. बोलायचं बरंच होतं. पडदा, दाब, क्षार, पाचवं नळकांडं, शून्य. अकरा दिवसांची मेहनत आणि दोन वर्षांची एम.एस्सी. तिनं ओढणी सारखी केली.

पण प्रांजली खुर्चीवर उभी राहिली होती.

"मी सांगते!" तिनं चौदा माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी तिला बिस्किट घातलं. अज्जीनं हंड्याचं पाणी ठेवलं. बाबानं ते ओतलं. तरी झिपरी उघडली!"

"शाब्बास," बिंदुमाधवराव लिहीत म्हणाले. "आणि आईनं काय केलं?"

प्रांजलीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"आईनं काही नाही केलं. ती फक्त ओरडली."

आधी सुमंत हसला, मग महानंदाक्का, मग सगळी खोली, आणि सगळ्यांत शेवटी भागुबाई, तोंडाला पदर लावून. आश्लेषानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर चांगलं होतं, मुद्देसूद होतं. पण तिच्या कानात एक शब्द अजून घुमत होता. बिस्किट. अकरा दिवस ज्या शब्दाची घरात कुजबुजसुद्धा होत नव्हती, तो पोरीनं खुर्चीवर उभं राहून, भर सभेत, बेंबीच्या देठापासून उच्चारला होता. आणि आता ती खुर्चीवरून उतरून महानंदाक्कांना विचारत होती, तुमच्या घरी बिस्किटं आहेत का, मला भूक लागलीय.

बिंदुमाधवराव पेन धरून थांबले होते.

"लिहा काका," आश्लेषा म्हणाली. "ओरडली, असंच लिहा."